अर्धा मीडिया बरणीत परत ठेवायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच "ते राहू दे, पाण्याचा आकडा सांगा" म्हणता. म्हणून हे जाहीर पत्र. घरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्या ज्यांना अजून तुमच्यासारखं कोणी भेटलेलं नाही, त्यांनाही ते वाचता येईल.

मी तुमच्याकडे आलो तो शेवाळाची तक्रार घेऊन. खडकांवर हिरवे केस माजले होते, पुसलेली काच दोन दिवसांत पुन्हा मळकट व्हायची आणि अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची वाढ थांबली होती. वाढत्या फांदीचं टोक पांढरट दिसतं, माझ्याकडे सगळी टोकं तपकिरी आणि बोथट. फॉस्फेट मोजलंय का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, मोजतो की, ६५ पीपीबी (अब्ज भागांत ६५), फारसं नाही. तुम्ही मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिलात आणि शांतपणे म्हणालात, "हा फॉस्फरस दाखवतो. फॉस्फेट हवं असेल तर ३.०६६ ने गुणा." गुणाकार केला तर १९९ पीपीबी, म्हणजे जवळजवळ ०.२ पीपीएम (दशलक्ष भागांत ०.२). कित्येक महिने मी तिपटीने कमी आकडा धरून चाललो होतो आणि त्याच भरवशावर मासे-प्रवाळांना खाऊ घालत होतो. तुम्ही एका शब्दानेही टोचलं नाहीत. माझ्या वहीत पट्टीने एक नवा रकाना आखून दिलात, बस.

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि पाण्यात फॉस्फेट वाढलं की ते स्फटिक जमायलाच अडथळा येतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजलं. तोवर मी फॉस्फेटकडे फक्त शेवाळाचं खत म्हणून पाहत होतो.

पुढच्या रविवारी तुम्ही स्वतः आलात. रिअ‍ॅक्टर, म्हणजे फॉस्फेट शोषणारा मीडिया भरायचं नळकांडं, जोडायला फार वेळ लागला नाही: संपमधला (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतला) छोटा पंप, पुढे व्हॉल्व्ह, पाणी नळकांड्याच्या तळातून वर चढणार आणि वरच्या नळीने संपमध्ये परतणार. वेळ घेतला तो मीडियाने. लोहाच्या ऑक्साइडचे ते दाणे इतके ठिसूळ की चोळले की त्यांचं पीठ होतं. म्हणून आरओचं पाणी वरून हळू ओतायचं, गढूळ पाणी निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. रिअ‍ॅक्टर सुरू केल्यावरही बाहेर पडणारी नळी तुम्ही आधी बादलीत सोडलीत. गंजाच्या रंगाचं पाणी स्वच्छ होईपर्यंत ती संपमध्ये जाऊ दिली नाहीत.

मग प्रवाह. मला वाटत होतं, दाणे जितके उसळतील तितकं काम चांगलं. तुम्ही व्हॉल्व्ह आवळत आणलात आणि म्हणालात, "उकळी फुटू द्यायची नाही. वरचा थर नुसता थरथरला पाहिजे." दाणे एकमेकांवर घासले की त्यांची भुकटी टाकीत उतरते, आणि अगदीच हलले नाहीत तर एकमेकांना चिकटून त्यांचा गड्डा होतो. किती वळसे हे कागदावर लिहून सांगता येत नाही, ते शेजारी बसून दाखवावं लागतं. तुम्ही बसलात.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितोय ती गोष्ट वेगळी. डब्यावर लिहिलेल्या मापाप्रमाणे मी मीडिया काढून ठेवला होता. तुम्ही त्यातला अर्धा परत बरणीत ओतलात. मला घाई झाली होती, मी वादही घातला. तुम्ही म्हणालात, "०.२ वर चढायला टाकीला महिने लागले. चार दिवसांत खाली ओढलंत तर प्रवाळ सोलून निघेल." प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही फॉस्फरस लागतो, आणि पाण्यातलं फॉस्फेट पार शून्यावर नेलं तर डायनोफ्लॅजेलेट्स या उपद्रवी, चिकट तपकिरी थर धरणाऱ्या सूक्ष्मजीवांना रान मोकळं मिळतं, हे तुम्ही तेव्हा समजावलंत. त्या दिवशी तुम्ही नसता तर मी पूर्ण माप घातलंच असतं.

तिसऱ्या आठवड्यात मीटर ३६ वरून ४२ वर गेला. मी रात्री घाबरून फोन केला. टाकीचं पाणी सोडा, रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणारं पाणी मोजा, असं तुम्ही सांगितलंत. तिथेही ४२ आले. म्हणजे मीडियाची फॉस्फेट धरायची ताकद संपली होती. खडकांनी इतके दिवस धरून ठेवलेलं फॉस्फेट पाण्यात सुटतंय, पहिले एक-दोन भरणे असेच लवकर संपणार, हे ऐकलं आणि मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्याच मापाने नवा मीडिया भरला.

कालचा आकडा तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो: १७. तुमच्या रकान्यात ०.०५ लिहिलंय. अल्कलिनिटी (सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचं पाण्यातलं माप) आता पूर्वीपेक्षा लवकर उतरते, म्हणजे प्रवाळ ती वापरू लागलाय. अ‍ॅक्रोपोराच्या तीन फांद्यांना पांढरी टोकं फुटली आहेत. छाटायला आल्या की पहिला तुकडा तुमचा, टाकीत एका खडकावर जागा राखून ठेवा.

आपला कृतज्ञ,
वहीत रकाना आखून दिलेला तो