आंबा घाटातल्या मामांचे आणि साखरप्याच्या दादांचे आभार

आंबा घाट उतरताना आमच्या गाडीचं ब्रेक पेडल एकदम पोकळ झालं. हँडब्रेकवर कशीबशी थांबवली. ट्रकवाल्या मामांनी धावत येऊन चाकाला दगड लावला, ब्रेक गार होऊ दिले आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, स्वतः पुढे राहून, साखरप्यापर्यंत उतरवलं. नाव न सांगताच गेले.

तिथल्या मेकॅनिकदादांनी ब्रेक ऑइलची डबी उघडून दाखवली: आत काळपट काढा! हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरली की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते; मग घाटात ब्रेक तापले की ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल पोकळ होतं. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून त्यांनी सीलबंद बाटलीतलंच ऑइल भरलं, आधीची उघडी बाटली बाजूला सारली (हा माणूस तिथेच पटला). पैसे फक्त ऑइलचे घेतले. मामा, दादा, मनापासून आभार!