सूचना : रविवारची बैठक, 'गर्ल इन ट्रान्सलेशन' वर्गात कशी शिकवायची

सर्व इंग्रजी शिक्षक सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला आर्वीच्या आपल्या नेहमीच्या वाचनालयात बैठक आहे. जीन क्वॉक यांच्या या कादंबरीची (२०१०) पहिली दोन प्रकरणं वाचूनच या. मागच्या वेळी निम्म्यांनी 'चाळली' होती.

हाँगकाँगहून ब्रुकलिनला आलेली किम्बर्ली शाळा सुटली की चायनाटाउनच्या कपड्यांच्या कारखान्यात आईला हातभार लावते. मजुरी नगावर. हे समजवायला व्याख्या लागत नाही. आपल्याकडे कापूस वेचणी किलोवरच असते, अन् वेचणीच्या दिवसांत वर्ग कसा रिकामा होतो ते तुम्ही पाहताच.

पण एक विनंती, कळकळीची. 'तुझी आई किती किलो वेचते?' असं कोणत्याही मुलाला सर्वांसमोर विचारू नका. माझ्याच वर्गात मी विचारलं होतं. ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. ज्याला सांगायचं, तो वहीत लिहील.

येताना :
• शिकवायला निवडलेल्या एका उताऱ्याच्या पाच झेरॉक्स
• त्यावर मुलांना विचारायचे दोन प्रश्न, मराठीत चालतील

न्यूयॉर्कच्या ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्यातली आग (२५ मार्च १९११, १४६ मृत्यू, जिन्याचं दार कुलूपबंद) वर्गात जरूर सांगा, पण ती कादंबरीतली घटना नव्हे. मुलं गल्लत करतात, कधी आपणही.

येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा. तर्री-पोह्याचा अंदाज घ्यावा लागतो.

– संयोजक