‘अनावश्यक’ म्हणून खोडलेल्या नावाला

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

(आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं. मग आठवलं, ते आईवडिलांना. बाकीच्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. पत्र तुमच्या हाती पडण्याआधीच दुरुस्त केलं. निदान मायन्यात तरी लाल रेघ नको.)

पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव होतं. शेवटच्या प्रुफात तुम्ही त्यावर आडवी रेघ मारलीत, समासात काढून टाकण्याची खूण केलीत आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंत, ‘अनावश्यक’. मी फोनवर हुज्जत घातली तर म्हणालात, “मुद्रितशोधकाचं नाव छापलं की राहिलेली प्रत्येक चूक त्याच्या नावावर जमा होते.” तेव्हा नाव इथेही लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार, तिथे तुमची खूण चालायची नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुस्तक आहे एका जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर, झेडएक्स स्पेक्ट्रमवर. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने तो २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. १६ के (किलोबाइट) स्मृतीचा १२५ पाउंडांना, ४८ केचा १७५ पाउंडांना. पोटात ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, वर रबराची चाळीस बटणं, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवणीला साधा कॅसेट रेकॉर्डर. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन त्याचीच पुढची आवृत्ती भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ म्हणून आणली. त्यातला एक, दुसऱ्या कोणाचा वापरून झालेला, बाबांनी माझ्या आठवीच्या सुट्टीत घरी आणला. तो अजून चालतो. त्याच्यावर मराठीत काही लिहावं हे खूळ डोक्यात वीस वर्षं होतं, लिहायला चार लागली.

हस्तलिखित घेऊन मी तीन प्रकाशकांकडे गेलो. एकांनी विचारलं, “एमएस-सीआयटीला लावता येईल का?” दुसऱ्यांनी चहा पाजला. तिसऱ्यांकडे ते अजून असेल. मग स्वतःच छापायचं ठरवलं, आणि शेजारच्या वाड्यातल्या आजोबांनी तुमचा पत्ता दिला. म्हणाले, “ट्रेडल छापखान्याच्या काळापासून प्रुफं वाचतात. पंचांगं वाचलीत त्यांनी.”

पंचांग हा शब्द तेव्हा मी कानामागे टाकला. चूक झाली.

पहिल्या दिवशी तुम्ही एकच गोष्ट विचारलीत, “हे कोणासाठी आहे?” मी म्हटलं, ज्यांच्याकडे हा कॉम्प्युटर होता त्यांच्यासाठी. तुम्ही चष्मा काढलात. “मग तीनशे प्रती कशाला? तीस काढा.” आणि पहिली वीस पानं ठेवून घेतलीत. चार दिवसांनी ती परत आली तेव्हा शुद्धलेखनाच्या खुणा होत्याच, पण समासभर पेन्सिलीने प्रश्न होते. पेन्सिलीने, कारण ‘शाईने विचारायला मी काही संपादक नाही.’

त्यातला एक इथे सांगतोच. मी लिहिलं होतं, ‘मग जे (J) दाबायचं, की पडद्यावर लोड येतं.’ तुम्ही लिहिलंत: ‘जे दाबल्यावर जे का येत नाही?’ पस्तीस वर्षं मी ते बटण दाबतोय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. उत्तर शोधायला बसलो तर त्यातून अख्खं तिसरं प्रकरण निघालं. या यंत्रात बेसिकचा, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा, शब्द अक्षरं जुळवून लिहायचाच नसतो. ‘लोड’, ‘प्रिंट’, ‘पोक’, प्रत्येक शब्दाला एकेक बटण. स्मृतीतही चार अक्षरं साठत नाहीत, एकच बाइट साठतो, म्हणजे जागा वाचते, आणि त्या बुळबुळीत रबरावर बोटांचे कष्टही वाचतात. हे समजावल्यावर तुम्ही म्हणालात, “म्हणजे छपाईच्या टाइपातला जोडाक्षराचा तयार खिळा. ‘श्री’ आम्ही कधी जुळवत बसत नसू, टाइपकेसमधून अख्खा उचलायचा.” ते वाक्य मी पुस्तकात घेतलं. तुम्ही ते खोडलं नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय.

रंगांचंही तसंच. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके, पण आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनात रंग फक्त दोन. खेळातला माणूस झाडाजवळ गेला की झाडाचा रंग अंगावर घ्यायचा. मी ही ‘गंमत’ म्हणून दोन ओळींत उरकली होती. तुम्हाला कारण हवं होतं. तेव्हा हिशेब मांडला: ठिपक्यांना ६१४४ बाइट, रंगांना ७६८, एकूण ६९१२. तेच प्रत्येक ठिपक्याला सोळांपैकी (आठ रंग, साधे आणि उजळ) हवा तो रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट, म्हणजे ४८ केच्या यंत्राची निम्मी स्मृती फक्त चित्रावर, आणि १६ केच्या यंत्रात तर चित्रच मावायचं नाही. हिशेब वाचून तुम्ही फक्त ‘बरं’ लिहिलंत. तुमच्या ‘बरं’ची किंमत मला तोवर कळायला लागली होती.

आमच्याकडे टीव्ही काळा-पांढरा होता हे मी लाजत लिहिलं होतं, एका कंसात. तुम्ही कंस काढलात. बरं झालं, कारण त्यामुळेच मला लिहावंसं वाटलं की या यंत्रातले रंग उजळपणाच्या क्रमाने लावलेले आहेत: काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर राखाडीच्या चढत्या पायऱ्या दिसतात. मला सातवा पिवळा आहे हे माहीत होतं, दिसला कॉलेजात गेल्यावर.

सिंक्लेअरने एप्रिल १९८६ मध्ये कॉम्प्युटरचा धंदा ॲम्स्ट्रॅडला ५० लाख पाउंडांना विकला, त्यावर मी चौदा पानं लिहिली होती. तुमचा शेरा: ‘दुकान विकलं, एवढंच ना?’ आता तीन आहेत. यावर मी अजूनही थोडा रुसलेला आहे.

आता ‘ग’ची गोष्ट. ती सांगायलाच हे पत्र.

आमच्या वाड्याच्या गणपतीत एका वर्षी आरासीत हा कॉम्प्युटर मांडला होता आणि पडद्यावर ‘गणपती बाप्पा मोरया’ सरकत जायचं. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही. पण २१ चिन्हं वापरणाऱ्याने स्वतः घडवायची सोय त्यात आहे. प्रत्येक चिन्ह आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके, एक म्हणजे ठिपका, शून्य म्हणजे मोकळी जागा. शिरोरेषा सर्वांत वरच्या ओळीत, आठही एक, म्हणजे शेजारच्या अक्षराला आपोआप जोडली जाते. मग वेलांटीची कमान आणि ओकाराची मात्रा बसायला जागाच उरत नाही, म्हणून ती पडद्यावरच्या आदल्या, वरच्या ओळीत वेगळ्या घरांत ठेवायची. सगळी मिळून अशी तेरा घरं लागली. हा सगळा प्रोग्रॅम पुस्तकात छापायचा होता. तेरा अक्षरं, १०४ ओळी, ८३२ आकडे, प्रत्येक शून्य नाहीतर एक.

तो भाग मी तुमच्याकडे पाठवणारच नव्हतो. म्हटलं, यात काकूंना काय वाचायचं? तो मी आणि माझा एक इंजिनीअर मित्र, दोघांनी तपासला होता. तुम्ही फर्म्यात (सोळा पानांच्या छपाईच्या गठ्ठ्यात) पानं कमी दिसली म्हणून फोन केलात. ‘तुम्हाला कळणार नाही’ असं मी म्हटलं नाही, पण आवाजात ते आलं असावं. “कळायचं काय त्यात? मोजायचं आहे,” म्हणालात.

पहिल्यांदा पानं तशीच परत आली, वर एक ओळ: ‘आकडे एकाखाली एक येत नाहीत. आधी ते करा.’ डीटीपीवाल्याने मजकुराचाच टाइप लावला होता, त्यात एक हा शून्यापेक्षा अरुंद. सारख्या रुंदीचा टाइप लावून पुन्हा पाठवली. त्यानंतर मी तुमच्याकडे आलो तो दिवस. खिडकीपाशी तुमची नात कॉपी (मूळ प्रत) धरून बसली होती आणि एका सुरात वाचत होती, “एक एक एक एक, एक एक एक एक. शून्य शून्य एक शून्य, शून्य शून्य एक शून्य.” चार-चारच्या ठेक्यात, पाढ्यासारखं. तुमच्या हातात एक जुनं पोस्टकार्ड, त्याला ब्लेडने कापलेली लांबट खिडकी, बरोबर आठ आकडे मावतील एवढी. ते ओळीओळीने खाली सरकवत होतात. पंचांगातली घटी-पळांची कोष्टकं अशीच तपासायचात, म्हणालात, फक्त तेव्हा खिडकी लहान असायची.

‘ग’च्या पाचव्या ओळीवर पोस्टकार्ड थांबलं. “इथे भोक राहिलंय.”

खिडकीत सात आकडे होते. ०११०००१. हवे होते ०११०००१०. शेवटचं शून्य मी मजकूर नीट लावताना कधीतरी खाल्लं होतं, आणि नात वाचत होती तेही माझंच टंकलेलं, त्यामुळे कॉपीतही सातच. मित्राने तपासलं तेव्हा त्याने अर्थ लावत तपासलं, डोळ्यांनी शून्य आपोआप भरून घेतलं. आणि यंत्राने तर काहीच हरकत घेतली नसती. सात आकडे दिले तरी ते निमूट चालतं, फक्त ९८ च्या जागी ४९ धरतं, बरोबर निम्मं. पडद्यावर ‘ग’ उमटला असता, पण पाचव्या ओळीत त्याची काठी एक ठिपका उजवीकडे सरकून. गुडघ्यात मोडल्यासारखा ‘ग’. गणपतीच्या पहिल्याच अक्षराला.

मी काहीतरी पुटपुटलो, बहुधा ‘वाचवलंत’. तुम्ही नातीला म्हणालात, “पुढे.” उरलेली बारा अक्षरं शाबूत निघाली.

छपाईतलं तुम्ही जे सांभाळून घेतलंत ते एकेक सांगत बसलो तर तुम्हीच कात्री लावाल. पानं १६६ होत होती. सहा पानांसाठी अकरावा फर्मा कशाला, म्हणून ती १६० वर आणलीत. (ॲम्स्ट्रॅडची अकरा तेव्हाच गेली, आणि पाच पानं तुमच्या प्रश्नांच्या उत्तरांनी परत भरली.) आयएसबीएन राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत हे मला माहीत होतं. प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवावी लागते, तसा १९५४ चा कायदा आहे, हे तुम्ही सांगितलंत. पाठवली. पोचही आली.

बांधणीबद्दल मात्र भांडण झालं होतं, ते नोंदवतो. मी नुसती डिंकाची बांधणी म्हणत होतो, स्वस्त पडते. तुम्ही विचारलंत, “हे वाचून माणूस ते शून्य-एक टाइप करणार ना? दोन्ही हात बटणांवर. मग पान कोण धरणार?” शिवण घातली. पुस्तक टेबलावर उताणं पडतं आणि उताणंच राहतं. गेल्या महिन्यात नाशिकहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांनी जपून ठेवलेला स्पेक्ट्रम बाहेर काढून तो प्रोग्रॅम टाकला होता. ‘गणपती बाप्पा मोरया’ पहिल्या फटक्यात उमटलं म्हणाले. आणि मग, माझ्याशी जरा संकोचून, “पुस्तक मिटत नाही हे फार बरं केलंत.”

मी लगेच ‘हो, मुद्दामच’ म्हणून मोकळा झालो. हे चुकलं. तुमचं श्रेय त्या फोनवर खाल्लं, ते इथे परत करतो.

पैशांचं काय ते आपलं झालेलं आहे. फर्म्याला तुमचा ठरलेला दर, त्यावर एक रुपया नाही, आणि ८३२ आकड्यांच्या फर्म्यालाही तोच. पुस्तकाची प्रत दिली ती तुम्ही कपाळाला लावून कपाटात ठेवलीत, उघडली नाहीत. छापून आलेलं वाचत नाही, चूक दिसली तर झोप जाते, म्हणालात. ते मान्य. पण तुम्ही ज्याचा पाय मोडू दिला नाहीत तो ‘ग’ अजून पाहिलेला नाहीत, हे काही मला पटत नाही.

तर येत्या रविवारी सकाळी यंत्र घेऊन येतो. बाबांचा काळा-पांढरा टीव्हीही आणतो, पिशवीत मावतो. कॅसेट आणत नाही. १०४ ओळी हाताने टाकू, आकडे नात सांगेल, बटणं मी दाबीन. तुम्ही पोस्टकार्ड घेऊन पडद्यासमोर बसा. पडद्यावरचे आकडे छापील आकड्यांपेक्षा मोठे दिसतात, तेव्हा खिडकी जरा रुंद कापावी लागेल.

आपला नम्र,
‘ग’वाला

ता. क. : पान ९४ वर चित्राखालच्या ओळीत ‘स्पेक्ट्रम’मधला ‘र’ गळला आहे. ती ओळ मी तुमची सही झाल्यावर घुसवली होती. कपाट उघडू नका.