आमच्या वहीतले तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष, म्हणून सध्या आमच्यावर बरंच छापून येतंय. कर्ज, बियाणं, जमिनीवर नाव... हे लिहायलाच हवं. पण पोर आणि शेत एकटीनं ओढणारीची रोजची अडचण वेगळीच असते. पाण्याची पाळी रात्रीची येते आणि पोराला ताप नेमका त्याच रात्री चढतो. शेतात पाण्याची दारं धरायची की पोराच्या कपाळावर घड्या ठेवायच्या?

आम्ही चौघी आहोत. दोघी विधवा, एकीला नवऱ्यानं टाकलेलं, मी आपणहून निघालेली. आधी नुसती सावड होती, आज तुझी खुरपणी, उद्या माझी. चौथी आली तेव्हा तिचं बाळ अंगावर पिणारं. तिनं फवारायचं नाही, हे न बोलताच ठरलं. तिचा पंप मी पाठीवर घेते. घरी आल्यावर कपडे वेगळे टाकून अंघोळ केल्याशिवाय लेकीला हात लावत नाही. त्या दिवशी सगळ्यांची पोरं ती सांभाळते.

वाद झाला तो इथंच. तासांची आमची एक वही आहे, तीत रेघा मारतो. पोरं सांभाळल्याचा तास फवारणीच्या तासाइतका धरायचा का? एक म्हणाली, "सावलीत बसायचे कसले तास?" म्हटलं, बाई, एक दिवस तू बस. पाच पोरं, त्यातलं एक रांगतं आणि समोर उघडी विहीर. संध्याकाळी तिनंच रेघ मारली, चांगली जाड.

सारख्याच आकाराच्या शेतात बायकांची उत्पादकता पुरुषांपेक्षा 24 टक्क्यांनी कमी, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2023 चा अहवाल सांगतो. त्यावरून कृपया आमची अक्कल मोजू नका. पेरणीच्या घाईत ट्रॅक्टर आमच्या बांधावर शेवटी येतो, आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काही त्याची वाट बघत थांबत नाही.

आणि हो, सावडीचं फार कौतुकही नको. चौघींची पेरणी एकाच आठवड्यात आली की वही मिटून ठेवावी लागते. जमीनही सावडीनं नावावर होत नाही.

मागणी एकच आहे. शेतीची प्रशिक्षणं ठेवणाऱ्यांनी तिथं पोरांसाठी एक खोली आणि एक माणूस ठेवावा. मागच्या वेळी लेक मांडीवर रडायला लागली तर मला बाहेर जायला सांगितलं. ठिबक सिंचनाचं निम्मं शिकायचं तिथंच राहिलं.

आपली,
एक शेतकरी आई