मला सीएनसीवर उभं करणाऱ्या तरुण सेटरला

मित्रा,

तू मला काका म्हणतोस आणि मी सर म्हटलं की लाजतोस, म्हणून मित्रा. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांमधल्या माझ्यासारख्या जुन्या लेथवाल्यांनी ते वाचावं असं फार वाटतं.

१९९४ साली आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो, तेव्हापासून हाताखाली सेंटर लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं, हाताने चालवायचं मशीन. हँडव्हील किती फिरवलं की किती माल निघतो हे बोटांना ठाऊक. टूलची धार गेली की आवाजावरून कळायचं. मग शॉपमधले लेथ एकेक करून भंगारात गेले आणि त्यांच्या जागी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीन आल्या. दार बंद, आत कूलंटचा फवारा, बाहेर स्क्रीन. हात कुठे ठेवायचा तेच कळेना.

आधीच्या कंपनीतला सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, या वयात काय शिकणार? डिबरिंगला बसा." म्हणजे कापलेल्या मालाच्या धारदार कडा घासत. मग एका क्लासला गेलो. फी आधी घेतली, पडद्यावर इंग्रजी दाखवलं, मशीनला हात लावू दिला नाही. शंका विचारली की "नोट्समध्ये आहे" एवढंच उत्तर. आपल्याला हे जमणारच नाही, असं मी घरी बोलून दाखवायला लागलो होतो. बायको ऐकून गप्प बसायची. त्या सुपरवायझरवरचा आणि क्लासवाल्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तुझ्याकडे, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्या सेटरकडे, आलो तो हे सगळं मनात घेऊनच. पहिल्यांदा सायकल स्टार्ट, म्हणजे मशीन सुरू करायचं बटण दाबायची वेळ आली त्या दिवशी शेजारच्या मशीनवरची दोन पोरं हात पुसत बघायला उभी राहिली. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग खिशातून पैसे काढून त्यांच्या हातात ठेवलेस. "चहा घेऊन या रे, आणि येताना काकांसाठी बिनसाखरेचा." चहाची वेळ नव्हती. पोरं गेली, तू सिंगल ब्लॉक चालू केलास आणि म्हणालास, "आता एक ओळ चालेल आणि मशीन थांबेल. पुढची ओळ तुम्ही म्हणाल तेव्हा." तुझं एक बोट मशीन थांबवायच्या लाल बटणाजवळ होतं, पण बटणाला लागलेलं नव्हतं.

मला भीती मशीनची नव्हती रे. आयुष्यभर मशीनवरच उभा राहिलो. भीती होती ती पोरासोरांसमोर हसं होण्याची. ती तू न विचारता ओळखलीस आणि न बोलता दूर केलीस. चहा येईपर्यंत माझा पहिला जॉब, म्हणजे कापून तयार झालेला तुकडा, मशीनच्या पकडीतून म्हणजे चकमधून बाहेर आला होता. व्हर्निअर लावला, माप बरोबर. तू नुसतं "ओके" म्हणालास आणि दुसरा लावायला सांगितलंस.

तू माझ्या डायरीत लिहून दिलेलं पान अजून आहे. एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी. मग प्रोग्राममधले कोड: जी ०० धाव, जी ०१ कापत चल. एम ३० संपलं. बाकीचं मग हळूहळू येत गेलं.

आमच्या वेळचे काही उस्ताद टूल ग्राइंड करायला बसले की पाठ आडवी करायचे, शिकाऊ पोराला कोन दिसू नये म्हणून. आपली किंमत कमी होईल ही त्यांना धास्ती. तू तिशीही न गाठलेला पोरगा, पण हातातलं सगळं उघडं करून ठेवतोस. वर मलाच विचारतोस, "काका, फीड जास्त झालं हे तुम्हाला आवाजावरून कसं कळतं?" फीड म्हणजे कापताना टूल पुढे सरकायचा वेग. तेव्हापासून घरी जाताना माझी मान ताठ असते. सरळ मनाची माणसं कारखान्यात आजही आहेत. आरडाओरडा करत नाहीत म्हणून ती पटकन दिसत नाहीत, आणि त्यांचं नाव कुठल्या फलकावरही लागत नाही. माझ्यासारख्या माणसाचं घर मात्र त्यांच्यामुळे चालतं.

माणूस जुन्या जागेला चिकटून बसला की लोक त्याला आळशी ठरवतात. पण नव्या जागी पाय टाकताना बाजूला कोण उभं आहे यावर फार काही ठरतं. माझ्या बाजूला तू होतास.

आता एक काम सांगतो. माझ्याबरोबरचे दोन जुने टर्नर अजून डिबरिंगलाच बसलेले आहेत. मालकाशी बोललोय, सुट्टीच्या दिवशी एक मशीन द्यायला ते तयार आहेत. शिकवायला मी उभा राहीन, पण पहिल्या दिवशी तू ये. चहाचे पैसे या वेळी माझे.

तुझा,
काका