करवती काठ आणि मांजरपाट

नागपूर,
१२ जानेवारी

प्रिय मधू,

तुझं लग्न ठरलं हे ऐकून इतका आनंद झाला की फोनवर धड बोलताच आलं नाही. आमच्या धाकटीच्या लग्नाचे फोटो बघून तू म्हणालीस, ‘मलाही असंच क्रीम-बेज हवंय.’ त्याबद्दल घाईत काहीतरी सांगून फोन ठेवला आणि मग चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते. मोबाइलमधले फोटो घेऊन डेकोरेटरकडे जाऊ नकोस. आम्ही सुरुवात साडीपासून केली. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावची टसर रेशमाची साडी घेतली, करवती काठाची. तिला रंग दिलेलाच नाही. कोशातून धागा निघतो तोच रंग, मधाकडे झुकणारा. काठ कुंकवासारखा लाल आणि त्याला करवतीचे दात. काठ आणि अंग यांचे धोटे, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी साधनं, वेगवेगळे चालतात, म्हणून ते दात अंगात इतके घट्ट बसतात. ती साडी मांडीवर पसरली तेव्हाच ठरलं, मांडवातलं काहीही हिच्यापेक्षा मोठ्याने बोलायला नको.

आजी मात्र अडून बसली. ‘लग्नाच्या मांडवात पांढरं नको.’ मधू, अशा वेळी मोठ्यांशी वाद घालू नकोस. तिच्या डोळ्यांसमोर काय येत असेल, ते आपण पाहिलेलं नाही. मी तिला तिच्या लग्नातला अंतरपाट काढायला लावला. साय धरलेल्या दुधासारखा झालाय आता, मधलं कुंकवाचं स्वस्तिक विटकरी पडलंय. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘कुंकू उठून दिसलं पाहिजे, एवढं बघ.’ त्या एका वाक्यावर आमचा सगळा मांडव उभा राहिला. पाठीमागे सगळं कोरं, म्हणून हिरवा चुडा, हळद आणि अक्षता लांबूनही दिसल्या. धरला तोही आजीचाच अंतरपाट.

आता कापड. इथे आम्ही फसलो होतो. मंडपवाल्याने ‘ऑफ व्हाइट’ म्हणून सॅटिनचे पडदे आणले आणि ते टसरशेजारी धरले तर चक्क निळसर! सगळे परत पाठवले आणि साधा मांजरपाट आणला. न धुतलेला, कोरा, मधूनमधून सरकीचे बारीक ठिपके असलेला. पडदे, बैठकीच्या खोळी, पाटांवरची आसनं, सगळं त्याचंच. एक पांढरा दुसऱ्या पांढऱ्याशी जुळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक कापडाचा तुकडा साडीला लावून बघ.

दिव्यांचं तर मी तुला हात जोडून सांगते. आमचा गोरज मुहूर्त होता, मार्गशीर्षातला. सूर्य कलला तोवर सगळं सोन्यासारखं दिसत होतं, त्यानंतरचा भरवसा दिव्यांवर. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, प्रकाश पिवळसर की पांढरा ते त्यावरून कळतं; २७०० ते ३००० चे पिवळसरच लावायला सांग. ६५०० चा पांढरा प्रकाश पडला की क्रीम रंग मेल्यासारखा दिसतो आणि माणसांचे चेहरेही. आदल्या संध्याकाळी सगळे दिवे लावून बघ, ते काम दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस.

फुलं निशिगंध आणि पांढरी शेवंती. मोगरा मलाही फार हवा होता, पण थंडीत त्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तुझं वैशाखात आहे, तू मोगराच घे आणि दुसरं काही त्यात मिसळू नकोस. दाराशी बुरडांकडून करून घेतलेल्या बांबूच्या टोपल्यांत पानांसकट संत्री ठेवली होती. नागपूरचं लग्न, एवढा केशरी रंग हवाच होता. जाताना प्रत्येकाने दोन-दोन नेली.

पाहुण्यांना ‘अमुक रंगाचे कपडे घाला’ असं कळवू नकोस. मावश्या जांभळ्या-मोरपंखी पैठण्या नेसून आल्या आणि त्या कोऱ्या मांडवात किती देखण्या दिसल्या म्हणून सांगू! जेवणाचं काही लिहीत नाही, ते तुझ्या आईंना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पाकिटात धाकटीच्या साडीच्या ब्लाउजपीसमधून उरलेली चिंधी आणि मांजरपाटाचा तुकडा घातलाय. ट्यूबलाइटखाली बघू नकोस. सकाळी खिडकीपाशी दोन्ही शेजारीशेजारी ठेव आणि मग मला फोन कर.

आईबाबांना नमस्कार.

तुझीच,
वैशू