करारातल्या एका कलमाबद्दल : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च शिक्षणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

व्यवस्थापन संस्थांनी शाश्वतता आणि जबाबदार उद्योग या विषयांवर कंपन्यांबरोबर मिळून संशोधन करावे, हा आपला आग्रह मला मनापासून पटतो. मी अशाच एका संस्थेत शिकवते. कंपनीने दार उघडल्याशिवाय या विषयातले फारसे काही हाती लागत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते. माझे म्हणणे आहे ते भागीदारीच्या करारातल्या एका कलमाबद्दल.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीच्या पुरवठादारांकडे पाण्याचा वापर कसा होतो, याचा अभ्यास हाती घेतला. कंपनीने आकडे दिले, कारखान्यांत जायची परवानगी दिली. माझी एक विद्यार्थिनी कापड रंगवणाऱ्या एका युनिटमध्ये तीन आठवडे रोज जात होती. तिथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची नोंदवही चोख होती. रोज किती पाणी आले, किती शुद्ध करून सोडले, सगळे एकाच हस्ताक्षरात. तिने वही मिटली आणि केंद्राच्या स्वतंत्र वीजमीटरची नोंद मागितली. अशा केंद्रात बरीचशी वीज टाकीत हवा सोडणारे ब्लोअर खातात. हवा मिळाली नाही तर टाकीतले जिवाणू तग धरत नाहीत आणि पाण्यातली घाण तशीच राहते. वहीत दर महिन्याला पाणी जवळपास तेवढेच होते, आणि वीज मात्र काही महिन्यांत निम्म्यावर आली होती. पाणी तेवढेच आणि वीज निम्मी, याचा सरळ अर्थ ब्लोअर तासन् तास बंद राहत होते. दोन रकाने शेजारी शेजारी मांडायचे, एवढेच तिने केले. त्याआधी येऊन गेलेल्या ऑडिटरांपैकी कोणीही ते केले नव्हते.

अहवाल कंपनीकडे गेला. उत्तर सभ्य भाषेत आले : करारानुसार प्रकाशनाला कंपनीची लेखी पूर्वसंमती लागते, आणि ती देता येणार नाही. ते कलम मी सहीआधी वाचले होते. त्याने काही अडेल असे तेव्हा वाटले नव्हते. विद्यार्थिनीला प्रबंधाचा विषय बदलावा लागला. कंपनीच्या त्या वर्षीच्या शाश्वतता अहवालात मात्र आमच्या संस्थेचे नाव 'ज्ञान-भागीदार' म्हणून छापून आले. ही गोष्ट मला आजही बोचते.

याहून वेगळे घडू शकते, आणि घडलेही आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्लोन या व्यवस्थापन संस्थेतले रिचर्ड लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नायकीने पुरवठादारांच्या तपासणीची स्वतःजवळची माहिती दिली. 1998 ते 2005 या काळातली, 51 देशांतल्या 800 हून अधिक कारखान्यांची. 2007 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याचा निष्कर्ष कंपनीला सुखावणारा नव्हता : इतका खर्च आणि मेहनत करूनही नुसत्या तपासणीने कामगारांच्या परिस्थितीत फार थोडा फरक पडतो. याच कामात त्यांनी मेक्सिकोतले दोन कारखाने जवळून पाहिले. तपासणीत दोघांना जवळपास सारखे गुण होते, पण प्रत्यक्षात एकातले कामगार दुसऱ्यापेक्षा बरेच बऱ्या स्थितीत होते, आणि फरकाचे मूळ काम कसे वाटले जाते, कामगारांच्या हाती किती निर्णय असतात यात होते. हे कळायला दोन्ही गोष्टी लागल्या : कंपनीची माहिती, आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापण्याची मोकळीक.

उलट उदाहरण साखरेचे आहे. 1967 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा आढावा आला. हृदयविकारात साखरेचा वाटा त्याने कमी लेखला आणि बोट चरबीकडे दाखवले. त्यासाठी पैसे साखर उद्योगाच्या संस्थेने दिले होते, हे जुन्या पत्रव्यवहारातून 2016 मध्ये जगासमोर आले. जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची आधी तपासणी झालेली होती. त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न बिझनेस स्कूलमधल्या केंद्राने बांगलादेशातले निर्यातीसाठी कपडे शिवणारे कारखाने मोजायला घेतले. 2015 च्या त्यांच्या अहवालात ते 7,000 हून जास्त निघाले. अधिकृत यादीत आकडा याहून बराच कमी होता, कारण उपकंत्राटावर चालणारे कितीतरी कारखाने यादीत नव्हतेच. व्यवस्थापन संस्थेने करायचे काम ते हेच.

मंत्रिमहोदय, संस्थांचे मूल्यमापन करताना सामंजस्य करार किती झाले हे विचारले जाते. करारात काय लिहिले आहे, हे कोणी विचारत नाही. माझी मागणी एवढीच आहे : ज्या करारात प्रकाशनाचा निर्णय संशोधकाच्या हाती असेल, तोच करार संशोधन-भागीदारी म्हणून धरावा आणि त्यालाच अनुदान मिळावे. कंपनीला मसुदा 60 दिवस आधी द्यावा. तिने खरी व्यापारी गुपिते, म्हणजे सूत्रे, दर, ग्राहकांची नावे, वगळायला सांगावे. निष्कर्ष पटला नाही तर तिचे उत्तर अहवालाला जोडून छापावे. पण अहवाल रोखण्याचा अधिकार तिला नसावा. आणि पैसे कोणी, किती दिले हे पहिल्या पानावर असावे.

अशा अटींवर कंपन्या येणार नाहीत, असे आपल्याला सांगितले जाईल. काही खरोखरच येणार नाहीत. त्यांनी संस्थेकडून सल्ला जरूर घ्यावा, त्याची फी द्यावी आणि अहवाल स्वतःजवळ ठेवावा. सल्लागारीत गैर काही नाही. फक्त तिची गणती संशोधनात होऊ नये आणि त्या बळावर संस्थेचे नाव वार्षिक अहवालात मिरवले जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने 2007 मध्ये जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची जी सहा तत्त्वे ठरली, त्यांत संशोधन आणि भागीदारी ही दोन वेगळी तत्त्वे आहेत. आपल्याकडच्या मूल्यमापनाच्या अर्जांत ती एकाच रकान्यात येतात.

येत्या मूल्यमापनाच्या अर्जात एक प्रश्न वाढवावा : 'प्रकाशनाला भागीदार कंपनीची संमती लागते का?' उत्तर 'होय' असेल तर त्या कराराचे गुण देऊ नयेत. आमचा तो करार केव्हाच संपला, पण गोपनीयतेचे कलम अजून दोन वर्षे लागू आहे. विजेच्या आकड्यांचा तो तक्ता माझ्या कपाटात आहे.

आपली,
व्यवस्थापनशास्त्राची एक प्राध्यापिका